दातांची ठेवण

"ताई, बाकी काही विसरलं तरी चालेल, पण ही डबी तेवढी जपा." सुकन्याताईंनी एक चपटी गुलाबी डबी भागिरथीच्या हातात ठेवली. "यात हिची प्लेट असते. जेवताना काढायची, धुवायची, डबीत ठेवायची. जेवण झालं की परत दातांवर चढवायची, रात्रीसुद्धा. तारा काढून चारच महिने झालेत. आत्ता हयगय केली तर दात पुन्हा पुढं यायला वेळ लागत नाही."

"बरं," भागिरथी म्हणाली.

सातव्या महिन्यात लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि विहीण तिला सोडायला सुप्याहून गाडी करून श्रीरामपूरपर्यंत आली होती. आल्या आल्या 'जय भीम' झाला, चहा झाला. मग सुकन्याताईंनी एकेक पिशवी उघडून गोळ्या, टॉनिक, सोनोग्राफीची फाईल असं सगळं पलंगावर मांडलं होतं. त्या निवृत्त नर्स होत्या. बोलण्यात अजून वॉर्डातला सूर होता. त्यात राग नव्हता, पण समोरच्याने ऐकावं असंच ते बोलणं असायचं. भागिरथी वीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत पोरांना खिचडी शिजवून घालत होती, आणि गर्भारशी बाईला काय हवं-नको ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी ती 'बरं' म्हणत राहिली.

"मम्मी, तुम्ही निघा आता, अंधार पडेल," यशोधरा म्हणाली.

मम्मी. फोनवर ते ऐकून ऐकून भागिरथीला सवय झाली होती. समोरासमोर ऐकताना मात्र ते आज पहिल्यांदाच टोचलं.

गाडी गेल्यावर लेकीकडे तिने नीट पाहिलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यातली दीड-पावणेदोन वर्षं यशोधराच्या तोंडात तारा होत्या. सुकन्याताईंनी स्वतःच्या पेन्शनमधून ते करवून घेतलं होतं. किडलेल्या नसतानाही चार चांगल्या दाढा काढल्या, जागा केली, आणि मग पुढचे दात तारेने ओढून मागे आणले. दाढा काढल्याचं भागिरथीला नंतर कळलं, तेव्हा दोन दिवस तिला घास गोड लागला नव्हता. 'माझ्या पोटात घडलेले दात त्या बाईनं उपटून टाकले,' असं ती नवऱ्याला म्हणाली होती. रंभाजी बाजार समितीत मापाडी होता. त्याने वजनकाट्यासारखी मान हलवली आणि म्हणाला, "पोरीला आवडलं ना? मग झालं."

तारा काढल्यावर व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसला होता, पण मोबाईलमधला चेहरा म्हणजे कुणाचा तरी फोटो. आता लेक खरोखर समोर पलंगावर बसली होती. ओठ मिटले की पूर्वी ते ताणलेले असायचे, आता सैल, सहज मिटत होते. हनुवटी पुढे आल्यासारखी वाटत होती. मधले वरचे दोन दात पंख्यासारखे बाहेर यायचे आणि डावा उजव्यावर किंचित चढलेला असायचा, तसा भागिरथीचा होता, तसाच तिच्या आईचा होता. तिथे आता एक सरळ पांढरी ओळ होती.

शेजारच्या भागूबाई ताकाचा तांब्या घेऊन आल्या. यशोधराकडे टक लावून बघत राहिल्या आणि मोकळेपणी म्हणाल्या, "अगं बया! वळखू येईना की. यशू तर पार सासूवाणी दिसाय लागली!"

यशोधरा खळखळून हसली. भागिरथीने ताक ओतून घेतलं, तांब्या विसळला, आणि भागूबाईंना चहाला बस म्हणायचं त्या दिवशी राहून गेलं.

त्यानंतर ते वाक्य तिच्या कानातून निघेना. शाळेत तांदूळ निवडताना, डाळ धुताना, चुलाणावरच्या पातेल्यात उलथनं फिरवताना तिच्या डोक्यात तेच. सासूवाणी. नऊ महिने पोटात वागवायचं आपण, गोवर आल्यावर रात्र-रात्र कडुलिंबाचा पाला हातात घेऊन बसायचं आपण, आणि तोंड मात्र त्या बाईचं. भागिरथी घरी आली की यशोधरा सांगायची, मम्मी अमुक म्हणतात, मम्मींनी तमुक पुस्तक दिलंय. मम्मींच्या सांगण्यावरून तिने सुप्यातल्या एका कंपनीच्या ऑफिसात अर्ज केला आणि तिथे कॉम्प्युटरवर काम मिळालं. मम्मी, मम्मी. आणि दर जेवणानंतर मोरीपाशी उभं राहून आरशात बघत ती प्लेट दातांवर चढवायची. 'टक्' असा बारीक आवाज व्हायचा. तो आवाज ऐकला की भागिरथीला वाटायचं, सुपा इथून शंभर किलोमीटर आहे, तरी त्या बाईने आपल्या घरात दाराला कडी लावलीय.

एकदा ती न राहवून म्हणाली, "गरोदरपनात त्ये पलास्टिक कशाला तोंडात? बाळाला बाधलं म्हंजे?"

"आई, मम्मींनी डॉक्टरांना विचारलंय. काही होत नाही."

"मम्मीला विचारलं की झालं, आमी काय अडानी."

"असं कुठं म्हणाले मी?" यशोधरा म्हणाली.

ती आल्याला तीन आठवडे झाले असतील. संध्याकाळी भागिरथीने भुईमुगाच्या शेंगा उकडल्या. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तिघं खात बसली. रंभाजीने बाजारातल्या कुठल्याशा व्यापाऱ्याची नक्कल केली, यशोधरा पोट धरून हसली. मग तिला कळ आल्यासारखं झालं म्हणून ती आत जाऊन आडवी झाली आणि तशीच झोपली. रंभाजी मित्राकडे गेला.

भागिरथी टरफलं गोळा करायला वाकली. टरफलांच्या ढिगात, खारट पाण्याच्या ओल्या डागावर प्लेट पडली होती. काचेसारखी, दातांच्या आकाराची. खायला बसताना पोरीने काढून कडेला ठेवली असणार. आतल्या खोलीतून डबी आणायचा कंटाळा केला असणार.

तिने हात पुढे केला. उचलून, धुवून डबीत ठेवणं हे एवढंसं काम होतं. पण तिचा हात तसाच अधांतरी थांबला. आत लेकीचा श्वास ऐकू येत होता. मग भागिरथीने वर्तमानपत्राची चारही टोकं उचलली, टरफलांसकट गाठोडं वळलं आणि दाराजवळच्या कचऱ्याच्या बादलीत घातलं. सकाळी घंटागाडीचं गाणं वाजत आलं तेव्हा ती स्वतः बादली घेऊन रस्त्यापर्यंत गेली. एरवी ते काम रंभाजीचं असे.

यशोधराने दिवसभर घर उलटंपालटं केलं. पलंगाखाली, गाद्यांच्या घड्यांत, गव्हाच्या डब्यात पाहिलं. भागिरथीही तिच्याबरोबर शोधत होती. वाकून, बॅटरी लावून कपाटाखाली बघत होती. एवढं पोट घेऊन लेकीने वाकू नये म्हणून 'तू बस, मी बघते' म्हणत होती. शेवटी यशोधरा भिंतीला टेकून बसली आणि रडली.

"मम्मींना काय सांगू?"

"नको सांगू," भागिरथी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "बाळंतपन हू दे, मग बघू. एवढं काय त्यात? आपल्या दोघीत ऱ्हाऊ दे."

यशोधराने डोळे पुसले आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. कितीतरी वर्षांनी. भागिरथीला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. तिला बरं वाटलं. आपल्या दोघीत काहीतरी आहे, आणि त्यात ती बाई नाही.

पुढचे दिवस तिचे आनंदात गेले. ती रोज लेकीच्या तोंडाकडे बघायची, दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं अशा बारकाईने. महिना झाला, आणि एके दिवशी उन्हात वेणी घालताना लेकीने मान वळवली, तेव्हा भागिरथीला दिसलं. डावा दात उजव्यावर जेमतेम तांदळाच्या कणीएवढा सरकला होता. जुनं माणूस गर्दीतून ओळखू यावं तसा तो तिला ओळखू आला.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. कळवल्यावर तीन तासांत सुकन्याताई दवाखान्यात हजर. हात धुतले, पदर खोचला, बाळाला उचललं आणि ज्या बाळाला भागिरथी तासभर लेकीच्या छातीशी लावायचा प्रयत्न करत होती, ते त्यांनी एका हाताने मान धरून असं वळवलं की लगेच चुटूचुटू प्यायला लागलं. "शाब्बास," त्या बाळाला म्हणाल्या. कॉटवरच्या सगळ्या बाळंतिणी त्यांच्याकडे बघत होत्या. भागिरथी बाटलीत पाणी भरायला बाहेर निघून गेली.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी सुकन्याताई यशोधराला अळिवाची खीर देत होत्या. चमचा तोंडाशी नेताना तिचे पुढचे दात बघून त्या थबकल्या.

"यशू, प्लेट घालत नाहीस का गं?"

यशोधराने आईकडे पाहिलं नाही. "माझ्याकडून हरवली, मम्मी. खूप शोधली. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही. चूक माझीच आहे."

"अगं, किती सोसलंस त्यासाठी..." सुकन्याताई एवढंच म्हणाल्या. रागावल्या नाहीत. वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. त्या रागावल्या असत्या तर भागिरथीला भांडता आलं असतं.

दुपारी सम्राट, म्हणजे जावई, शिफ्ट संपवून मोटरसायकलवर आला. लेकीला त्याने जपून मांडीवर घेतलं, थोड्या वेळाने परत यशोधराकडे दिलं. मग तो म्हणाला, "यशू, बाळाला जवळ घे, फोटो काढतो. हस की जरा."

यशोधरा हसली, आणि हसताना तिचा उजवा हात वर आला. बाळाच्या अंगाखालून सोडवून घेऊन, चार बोटं ओठांवर. सम्राटने फोटो काढला. त्याच्या काही लक्षात आलं नाही.

दारात उभ्या भागिरथीने ते पाहिलं. तो हात तिला पाठ होता. शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोत, दहावीच्या निकालाच्या दिवशीच्या फोटोत, साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत तो असाच होता. ती स्वतः हसताना पदर तोंडाला लावायची, तिची आई लावायची. बायका अशाच हसतात, असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं. आणि आल्या दिवशी भागूबाईंच्या बोलण्यावर ही पोर दोन्ही हात मांडीवर ठेवून खळखळून हसली होती, तेव्हा आपण काय करत होतो? तांब्या विसळत होतो.

सम्राट गेल्यावर ती लेकीच्या पायाशी जाऊन बसली. बाळ झोपलं होतं. स्वयंपाकघरात सुकन्याताई भांडी लावत होत्या.

"यशे, ती पलेट हरवली न्हाई."

"मग?"

"शेंगाच्या टरफलात हुती. मला दिसली. मीच टाकली."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. यशोधराने बाळाच्या अंगावरचं दुपटं सरळ केलं, ते सरळच होतं.

"का?"

"भागूबाई म्हनली तू सासूवाणी दिसतीस." हे मोठ्याने उच्चारल्यावर ते किती छोटं वाटलं. तरी भागिरथी बोलत राहिली. "माझं काय ऱ्हायलं मग तुझ्यात? रंग बापाचा, उंची बापाची. तेवढे दात माझे हुते."

"सातवीत दातांचे डॉक्टर शाळेत आले होते, आठवतं?" यशोधराने विचारलं.

भागिरथीला चांगलं आठवत होतं. डॉक्टर म्हणाले होते, हिला तारा लावून घ्या. आणि तिने परातीमागून ठसक्यात उत्तर दिलं होतं, 'त्यो आजार न्हाई डॉक्टर, ती आमच्या घराची ठेवन हाय!' सगळे गुरुजी, बाई हसले होते. ते उत्तर तिने पुढे कितीदा तरी लोकांना अभिमानाने सांगितलं होतं.

"त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पोरं मला 'दाताळी' म्हणायला लागली. खिचडीच्या रांगेत. शाळा सुटेपर्यंत तेच. तू दहा पावलांवर उभी असायचीस आई, डाव घेऊन."

"मला बोलली न्हाईस कधी? एकेकाचं कानपाट फोडलं असतं."

यशोधराने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तुझे पण दात तसेच होते. तुला कसं सांगू?"

बाळ कुरकुरलं. दोघींनी एकदमच हात पुढे केले, आणि भागिरथीने आपला मागे घेतला.

सुकन्याताईंनी त्या विषयाचा एक शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी सुप्याला जाताना त्या फक्त म्हणाल्या, "सव्वा महिना झाला की नगरला तिच्या दातांच्या डॉक्टरांना, राजेश्वरी मॅडमना दाखवून घेऊ."

"मी घेऊन येते तिला," भागिरथी म्हणाली. "मीच येते."

मधला महिना मायलेकी एका घरात राहिल्या. भागिरथीने शाळेत बदली बाई दिली होती. बाळाला न्हाऊ घालणं, बाळंतिणीला शेक देणं, डिंकाचे लाडू, सगळं ती करत होती. यशोधरा 'हो', 'नको', 'बास' एवढं बोलायची. एकदा पाठीला तेल लावताना ती अचानक म्हणाली, "जरा जोरात चोळ," आणि तेवढ्यावर भागिरथीचा तो दिवस चांगला गेला.

सव्वा महिन्यानंतर दोघी बाळाला घेऊन एसटीने नगरला आल्या. दवाखान्यात सुकन्याताई आधीच येऊन बसल्या होत्या. राजेश्वरी मॅडम तरुण होत्या, बोलक्या होत्या. यशोधराला खुर्चीत आडवं करून त्यांनी आरसा आत घातला.

"फार नाही सरकलेले. घाबरू नका. तारा काढल्या तेव्हाचं माप आहे माझ्याकडे, त्याच्यावरच नवी प्लेट करू. आधी घट्ट बसेल, आठवडाभर ठणकेल, पण दात मागं जातील. चार दिवसांनी न्यायला या, मग पंधरा दिवसांनी एकदा बघू. कशी हरवली पण?"

"माझ्याकडून गेली," भागिरथी म्हणाली. "माझी चूक हुती."

यशोधरा खुर्चीतून छताकडे बघत होती. तिने डोळे मिटले, उघडले.

"आता श्रीरामपूर-नगर सारखं करणं तान्ह्या बाळाला घेऊन कठीण जाईल," सुकन्याताई अडखळत म्हणाल्या. त्यांचा तो वॉर्डातला सूर आज लागत नव्हता. "इथून सुपा जवळ आहे. पण ताई, तुम्ही म्हणाल तसं. अजून महिनाभर माहेरपण आहे तिचं."

दोघीही यशोधराकडे बघू लागल्या. ती उठून बसली, तोंड पुसलं.

"मी मम्मींबरोबर जाते, आई. दोनदा यावं लागणार आहे."

"जा की," भागिरथी पटकन म्हणाली. "तेच बरं. बाळाची कापडं तुझा बाप आनून दील."

मॅडमनी कपाटातून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. त्यावर यशोधराचं नाव आणि तारीख होती. आत प्लास्टरचे पांढरे साचे होते. एक जोडी त्यांनी बाजूला काढून टेबलावर ठेवली. "हे नंतरचं. यावर प्लेट होईल." दुसरी जोडी खोक्यातच राहिली.

"आन् ती?" भागिरथीने विचारलं.

"ते पहिलं माप, तारा लावायच्या आधीचं. आता त्याचं काही काम नाही. जागा अडते म्हणून काही वर्षांनी आम्ही टाकूनच देतो."

भागिरथी पुढे झाली. खोक्यात लेकीचे दात होते. पंख्यासारखे पुढे आलेले, डावा उजव्यावर चढलेला. खालच्या ओळीतला एक जरा आत दबलेला, तो तर तिच्या लक्षातही राहिला नव्हता. काढून टाकलेल्या चारही दाढा जागच्या जागी होत्या.

"हे मला दिताल का?" तिने विचारलं. विचारलं मॅडमना, पण बघत होती लेकीकडे.

"काय करणार तुम्ही त्याचं?" मॅडम हसल्या.

यशोधराने स्वतःच ते साचे खोक्यातून उचलले, बाळाच्या पिशवीतलं एक मऊ फडकं काढलं, त्यात गुंडाळले आणि आईच्या हातात दिले. "आपटू नको," म्हणाली. "फुटतात."

खाली रस्त्यावर रिक्षा थांबली होती. सुकन्याताई बाळाला घेऊन आत बसण्याआधी भागिरथीजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कळा येत होत्या ना, तेव्हा तिनं फोन केला होता मला. म्हटलं काहीतरी विचारायचं असेल. तर मला काही बोलेचना. फोन हातात धरून नुसती 'आई, आई' चाललं होतं." त्या थोडं हसल्या. "ती हाक माझ्यासाठी नव्हती हो."

भागिरथीला त्यांच्या सरळ दातांकडे पहिल्यांदा राग न येता बघता आलं. तिने बाळाच्या टाळूवर हात ठेवला, लेकीच्या गालावर ठेवला, आणि रिक्षा वळेपर्यंत उभी राहिली.

श्रीरामपूरच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. राहुरीपर्यंत रस्ता उखडलेला होता आणि गाडी सारखी आदळत होती. प्रत्येक धक्क्याला ती मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी वर उचलून धरायची. शेजारी बसलेली म्हातारी बराच वेळ ते बघत होती.

"काय काचंचं हाय का बाई?"

"न्हाई."

"मग देवबिव हाय का?"

"न्हाई वो," भागिरथी म्हणाली. "लेकीचं हाय." आणि पुढचा खड्डा आला तशी तिने पिशवी पुन्हा उचलून धरली.